छपराला फीत कशी कापायची?

आमच्या पिढीने शाळेतली कॉम्प्युटर रूम देवघरासारखी पाहिली आहे. चपला बाहेर काढायच्या, हात पुसून आत जायचं, आत गेल्यावर मोठ्याने बोलायचं नाही. अख्ख्या शाळेत एसी फक्त त्या एका खोलीत. मुख्याध्यापकांच्या डोक्यावरसुद्धा कुरकुरणारा पंखाच होता! कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मशीनला गरमी चालत नाही." मुलांना चालते का, हे कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही. आम्हाला त्या खोलीत आठवड्यातून एकदा बसायला मिळत होतं, तेवढ्यात आम्ही खूश.

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा बॅचचा ग्रुप. गाव वर्धा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. दहावी होऊन २५ वर्षं झाली, म्हणून शाळेला काहीतरी द्यायचं असं ठरलं. कोणी म्हणालं पाण्याची टाकी, कोणी म्हणालं प्रवेशद्वाराची कमान. (कमान हा माजी विद्यार्थ्यांचा फार जिव्हाळ्याचा विषय असतो, का ते देव जाणे.) शेवटी 'डिजिटल क्लासरूम'वर गाडी थांबली. एका एजन्सीकडून कोटेशनही आलं. भिंतीवर मोठा टचस्क्रीन, २० डेस्कटॉप, फॉल्स सीलिंग, काचेचं दार आणि दीड टनाचे दोन एसी. मी पुण्यात इमारतींची वातानुकूलन यंत्रणा डिझाइन करते, म्हणजे माझं पोटच एसीवर चालतं. त्यामुळे ग्रुपने माझ्यावर एवढंच काम टाकलं, की बाई, दोन एसी पुरतील का तेवढं बघून सांग.

पाच मिनिटांचं काम. पण त्याच आठवड्यात चुलत बहिणीशी बोलताना मध्येच तिच्या मुलीने फोन घेतला. ती त्याच शाळेत आठवीत आहे.

"मावशी, तो एसीचा वर्ग आम्हाला आठवड्यातून किती वेळा मिळेल गं?"

"दोनदा तरी मिळेल बहुतेक. का गं, कॉम्प्युटर आवडतो वाटतं?"

"तो पण आवडतो. पण आमच्या वर्गात दुपारी डोकं दुखते ना... तिथं बसलं की बरं वाटंल."

तिचा वर्ग मागच्या चाळीत आहे. वर टिनाचे पत्रे, खाली चाळीस मुलं, मध्ये दोन पंखे. त्या एका वाक्यानंतर ते पाच मिनिटांचं काम काही पाच मिनिटांत होईना.

मग मी बसून हिशेब मांडला. तुम्ही म्हणाल, ही बाई आता गणित शिकवणार! शिकवणारच, पण सोपं आहे, वाचा.

माझ्या शाळेच्या काळातला संगणक म्हणजे तो काचेच्या फुगीर पडद्याचा मॉनिटर आणि खाली गुरगुरणारी पेटी. दोन्ही मिळून साधारण दीडशे वॅट वीज खायची. खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. वीस संगणक म्हणजे ३ किलोवॅट, म्हणजे खोलीत तीन शेगड्या पेटवून ठेवल्यासारखं. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. तेव्हा त्या खोलीला एसी लागायचा यात खोटं काही नव्हतं.

आजचा लॅपटॉप मात्र तीस-चाळीस वॅटमध्ये भागवतो. वीस लॅपटॉप म्हणजे सातशे-आठशे वॅट. आणि शांत बसलेलं एक शाळकरी मूल? त्याच्या अंगातून साधारण ७० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. चाळीस मुलं म्हणजे पावणेतीन-तीन किलोवॅट. म्हणजे पंचवीस वर्षांत यंत्रं थंड होत गेली, मुलं मात्र होती तेवढीच गरम राहिली. ज्या कारणासाठी त्या खोलीत एसी आला होता ते कारण कधीच निघून गेलं, एसी मात्र रिवाज म्हणून मागे राहिला.

आता छपराचं बघा. वीस बाय पंचवीस फुटांचा वर्ग, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर छप्पर. नागपूर-वर्धा भागात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. एप्रिलमध्येही तो फार लांब नसतो. अशा दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर नऊशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे एका वर्गाच्या छपरावर ४० किलोवॅट! त्यातलं बरंचसं पत्रा परत फेकतो, काही वारा उडवून नेतो. पण नुसता दहावा हिस्सा जरी आत उतरला, तरी ४ किलोवॅट झाले. चाळीस मुलं आणि वीस लॅपटॉप यांच्या बेरजेपेक्षा जास्त. शिवाय तापलेला पत्रा नुसती हवा गरम करत नाही, तो थेट डोक्यावर भाजतो. माझ्या भाचीचं डोकं दुखतं त्याचं कारण हे. शास्त्रात याला मोठी नावं आहेत, पण टिनाखाली बसलेल्याला नावं सांगायची गरज नाही.

उन्हाळा काही आम्हा विदर्भवाल्यांना नवा नाही. सकाळची शाळा, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, घरी आल्यावर पन्हं, खिडकीत वाळ्याची ताटी... हे सगळं पिढ्यानपिढ्या चालत आलेलं आहे. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हाही लोक "यंदा जरा जास्तच हाय" म्हणून कूलरमध्ये पाणी भरत होते. पण आता उन्हाळा शाळेच्या वेळापत्रकात घुसायला लागला आहे. २०२३ साली राज्य सरकारला २१ एप्रिलपासूनच सुट्टी जाहीर करावी लागली. त्याच वर्षी बाकी महाराष्ट्रात शाळा १५ जूनला उघडल्या आणि विदर्भात ३० जूनला. २०२४ ला विदर्भाची शाळा १ जुलैला. आणि हे एकट्या विदर्भाचं दुखणं नाही. युनिसेफने मोजलं, तर २०२४ या एका वर्षात ८५ देशांतल्या २४ कोटी २० लाख मुलांच्या शिक्षणात हवामानामुळे खंड पडला होता, आणि सगळ्यात मोठं कारण उष्णतेच्या लाटा. सुट्टी वाढवणं हा एक उपाय झाला. पण ज्या मुलाचं शिकणं शाळेतच होतं, घरी पुस्तक उघडून बसवणारं कोणी नाही, त्याच्या वाट्याचे ते दिवस जातातच.

मग मी शोधत बसले, की आपल्यासारख्याच उन्हात, आपल्यासारख्याच तुटपुंज्या पैशात कोणी काय केलं आहे. आणि मला गांदो सापडलं.

गांदो हे पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातलं लहानसं खेडं. तिथला एक मुलगा, फ्रान्सिस केरे. गावात शाळा नव्हती म्हणून त्याला लहानपणीच घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला जावं लागलं. तिथला वर्ग कोंदट, गरम, मुलांनी खच्चून भरलेला. पुढे तो जर्मनीत वास्तुशास्त्र शिकायला गेला आणि शिकता शिकताच पैसे जमवून त्याने गावाला शाळा बांधून दिली. २००१ साली ती उभी राहिली. आधी गावकऱ्यांना मातीचं बांधकाम पटेना, कारण माती म्हणजे पावसात विरघळणारं गरिबाचं घर. शाळा कशी, सिमेंटची हवी! (ओळखीचं वाटतंय ना?) केरेंनी मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबून विटा केल्या, अख्खा गाव बांधकामाला लागला.

पण मला भावलं ते छप्पर. वर्गावर आधी विटांचंच एक छत आहे, त्याला हवा जायला फटी ठेवलेल्या. त्याच्या वर, चांगली मोकळी जागा सोडून, सळयांच्या हलक्या कैच्यांवर पत्रा तरंगता ठेवला आहे. ऊन पत्रा झेलतो, पत्रा आणि छत यांच्यामधून वारा वाहतो, वर्गातली गरम हवा फटींतून वर चढून त्या वाऱ्यात मिसळून निघून जाते. पत्रा भिंतींच्या बराच पुढे आलेला, त्यामुळे भिंतींनाही सावली आणि मातीला पावसापासून आसरा. यात वीज कुठेच नाही. पत्रा तोच, आपल्या शाळेवरचा. फक्त तो मुलांच्या डोक्यावरून उचलून वर ठेवला. या शाळेला २००४ साली आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली केरेंना प्रिट्झकर, म्हणजे वास्तुकारांचं नोबेलच म्हणा ना. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी.

यावर ग्रुपवर लगेच उत्तर आलं, "ते ठीक आहे, पण तिथं कॉम्प्युटर कुठं आहेत? आपल्याला डिजिटल करायचं आहे." प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तरही केरेंकडेच मिळालं. केनियात तुर्काना सरोवराच्या काठी, रखरखीत उन्हात आणि धुळीत, त्यांनी तरुण मुलांना संगणकाचं काम शिकवणारं एक संकुल बांधलं, २०२१ मध्ये. जवळच्याच दगडाच्या भिंती, आणि वर तीन उंच मनोरे. कल्पना त्या भागातल्या वाळवीच्या उंच वारुळांवरून घेतलेली. गरम हवा मनोऱ्यांतून वर निघून जाते आणि खालच्या झरोक्यांतून ताजी, थोडी गार हवा आत ओढली जाते. यंत्रं तापू नयेत आणि धूळ कमी यावी याचा विचार इमारतीच्या आकारातच केलेला आहे. हे वाचल्यावर मला वाटलं, आपल्याकडे मशीनसाठी वेगळी खोली आणि माणसांसाठी वेगळी असं का व्हावं? मुलाला जी हवा मानवते ती लॅपटॉपला आरामात मानवते.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आमच्या गावापासून सेवाग्राम काही फार दूर नाही. शाळेच्या सहली तिकडेच जायच्या. बापूकुटी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. मातीच्या भिंती, लाकूड, बांबू, वर कवेलू (पुण्याकडची कौलं हो!), भोवती सावलीचा ओटा. भर एप्रिलात आत गेलं की डोळ्यांनाच आधी थंड वाटतं. पण तिथली दुसरी एक गोष्ट लहानपणी माझ्या नजरेतून सुटली होती. तिथे टेलिफोन आहे. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलता यावं म्हणून सरकारने बसवून दिलेला, त्या काळातलं सर्वांत आधुनिक यंत्र. मातीचं घर आणि टेलिफोन सुखाने एकत्र नांदत होते. टेलिफोनसाठी कोणी तिथे काचेची खोली बांधली नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल एसीवालीलाच एसीचं वावडं झालं. एसीने फरक पडतो, चांगलाच पडतो. अमेरिकेत लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे गुण आणि त्यांच्या गावचं तापमान यांची सांगड घालणारा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शाळेचं वर्ष सरासरी १ अंश फॅरनहाइटने जास्त गरम गेलं, तर त्या वर्षीचं शिकणं साधारण १ टक्क्याने कमी होतं, असं त्यात दिसलं. आणि जिथे वर्गांत एसी होते तिथे हा तोटा जवळजवळ भरून निघाला होता. म्हणजे "आमच्या वेळी नव्हता एसी, आमचं काय अडलं?" हे म्हणणं बरोबर नाही. अडलं असेल, कोणी मोजलं नव्हतं इतकंच.

पण आमच्या शाळेत वर्ग चौदा आहेत. दोन एसी एका खोलीला लावले तर तेराची सोय काय? सगळ्यांना लावले तर बिल कोण भरणार, आणि लाइन गेली की काय? बंद काचेच्या खोलीत लाइन गेल्यावर दहा मिनिटांत काय होतं ते सांगायला नको. शिवाय आपल्याकडची बरीचशी वीज कोळशातून येते. कोळसा जाळून थंड व्हायचं, त्या धुराने पुढचा उन्हाळा आणखी तापवायचा, मग आणखी मोठा एसी घ्यायचा... हे चक्र मी रोजच्या कामात बघते. म्हणून माझ्या धंद्यातला पहिला धडा असा, की आधी ऊन अडवा, मग हवा खेळवा, आणि एवढं करून उरलेल्या उष्णतेसाठी यंत्र लावा. उलट्या क्रमाने केलं तर यंत्र दुप्पट लागतं.

ग्रुपवर एकाने तर जुनी चाळ पाडून नवीन स्लॅबची इमारत बांधण्याचीही सूचना केली, देणग्या मिळतील म्हणे. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. धडधाकट भिंती पाडून त्याच जागी काँक्रीट ओतायचं, आणि तो स्लॅब सकाळभर ऊन पिऊन दुपारी वर्गावर ओकणार. त्यापेक्षा उभी आहे ती चाळ सुधारणं स्वस्त आणि शहाणपणाचं.

तर मी जे लिहून पाठवलं ते असं. मागच्या चाळीतल्या तीन वर्गांवरच्या पत्र्याला वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग. पत्र्याखाली दीड फुटावर प्रक्रिया केलेल्या बांबूच्या चटयांचं छत, वायरिंग पाइपातून. दोन्ही टोकांच्या भिंतींत वर जाळीचे झरोके, म्हणजे मधली गरम हवा निघून जाईल. पश्चिमेच्या ओसरीला बांबूचे पडदे. जुने पंखे ७५ वॅट खातात, त्यांच्या जागी तीस वॅटचे नवे, प्रत्येक वर्गात चार. कॉम्प्युटर रूम नाहीच, चाकांच्या कपाटात वीस लॅपटॉप, ज्या वर्गाचा तास त्या वर्गात कपाट जाईल. टचस्क्रीन एकच, मधल्या वर्गात. आणि ३ किलोवॅटचं सोलर. तीन वर्गांचे पंखे, वीस लॅपटॉप आणि स्क्रीन मिळून दीड किलोवॅटच्या आतच लागतात. ते दोन एसी एकटेच तीन किलोवॅट खाल्ले असते.

पाठवलं आणि ग्रुपवर शांतता... मग एक मित्र, जो सगळ्यात जास्त पैसे देणार होता, लिहितो, "अवो बाई, तू तं एसीवाली ना? मंग एसीलेच नाही म्हणून राहिली?" हसण्यावारी गेलं. पण नंतर त्याने फोन करून खरं बोलायचं ते बोलला.

"तुझं बरोबर असंल. पण उद्घाटन कशाचं करायचं? आमदारसाहेबाले बोलावलं, तं दाखवायचं काय? छपराला फीत कशी कापायची?"

मी हसले खरी, पण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. आपल्याकडे शाळेला जे दिलं जातं ते दिसावं लागतं. कमान दिसते, स्क्रीन दिसतो, एसीचा डबा दिसतो. सावली दिसत नाही. वारा दिसत नाही. डोकं न दुखणं तर फोटोत येतच नाही. आणि कोनशिला लावायला छपरावर कोण चढणार?

यावर तोडगा काढला तो आमच्या काकांनी. काका त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत, पण ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेले असल्याने त्यांचा शब्द अजून चालतो. ते म्हणाले, "हे बघ बेटा, लोकांना छप्पर दिसत नसेल तर आकडा दाखव. आकडा सगळ्यांना दिसतो." त्यांची कल्पना अशी. सुधारलेल्या तीन वर्गांत आणि न सुधारलेल्या तीन वर्गांत एकेक तापमापक सेन्सर बसवायचा. आठवी-नववीच्या मुलांनी लॅपटॉपवर त्याच्या नोंदी घ्यायच्या, आलेख काढायचे, आणि दोन्हींतला फरक शाळेच्या दारात फळ्यावर रोज लिहायचा. काकांना विचारलं, आणि फरकच पडला नाही तर? म्हणाले, "तर तेही लिहायचं. मग मुलंच तुला विचारतील, की मॅडम, तुमचं काय चुकलं. विज्ञान म्हणजे तेच ना गं."

मला हे फार आवडलं. शाळेत तंत्रज्ञान हवं, हवंच. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणारे सोलापूरच्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, २०२० साली ज्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांच्या कोडला कुठे थंड खोली लागते? साधा मोबाइल पुरतो. आणि मुलं ज्या इमारतीत दिवसाचे सहा तास बसतात, तिलाच त्यांनी मोजायला शिकणं यापेक्षा चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. यातलीच कोणी उद्या गवंडी होतील, कोणी सरपंच, कोणी इंजिनिअर. त्यांच्या वाट्याचे उन्हाळे आपल्यापेक्षा कडक असणार आहेत.

शेवटी काय ठरलं म्हणता? एसी रद्द झाले. सोलर तूर्त अर्धंच, कारण दोघांनी वर्गणी मागे घेतली, त्यांना कमानच हवी होती. फॉल्स सीलिंगचे पैसे रंगात आणि बांबूत गेले. फीत कापायची आहेच, ती लॅपटॉपच्या कपाटाची कापायची असं मित्राने स्वतःच सुचवलं, आणि कोनशिलेऐवजी तो दारातला फळा, त्यावर वरच्या बाजूला बॅचचं नाव. दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू होईल. मार्च आला की पहिले आकडे येतील.

भाचीला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "सुधारलेल्या वर्गात आमचा वर्ग आहे ना?" आहे म्हटलं. मग जरा थांबून म्हणाली, "पण मग उरलेल्या वर्गांचं काय?"

त्याच्यासाठी पुढची बॅच शोधते आहे. २००१ वाल्यांनो, वाचताय ना?